पुढचा ब्रेक

यंदा पुन्हा नळ बंद झाले आणि पेपरात पुन्हा नवा जिल्हा आला. आमच्या जळकोटात या दोन गोष्टी बहुतेक बरोबरच येतात. फाल्गुन सरत आला की विहिरींचे तळ दिसू लागतात, आणि त्याच सुमाराला कुणीतरी मोठा माणूस बोलून जातो की उदगीर जिल्हा होणार, जळकोट त्यात जाणार. मग हॉटेलात टेबलावर सांडलेल्या चहात बोट बुडवून नकाशे काढले जातात. बाहेर बाया घागरी घेऊन टँकरच्या मागे पळत असतात. मी उपकेंद्रासमोरच्या लिंबाखाली माझ्या मोटारसायकलच्या पुढच्या ब्रेकची लिव्हर दाबून बघते, आणि माझं डोकं तापतं.

घरचे म्हणतात, इतकी वर्षं झाली, राग धरून काय मिळतं? मी काही धरून ठेवलेला नाही. तो आपला येतो. हवेला ती भाजकी कोरडी धग आली, टँकरच्या गळक्या नळावर मधमाश्या बसायला लागल्या, की येतो.

मी आरोग्यसेविका. गावोगाव सिस्टर म्हणतात. हे सांगते आहे त्या दुष्काळात माझ्याकडे तालुक्यातली माळावरची गावं होती. बस मुख्य रस्त्यावर सोडायची, तिथून पुढे लसींचा डबा खांद्याला अडकवून चालायचं, आणि डब्यातला बर्फ उन्हाशी शर्यत लावायचा. माझा भाऊ हदगावच्या बस डेपोत ब्रेकच्या कामावर होता. त्यानं नवी गाडी घेतली तेव्हा जुनी मोटारसायकल मला दिली. तिला पुढे डिस्क ब्रेक होता. हदगावच्या बाजाराच्या रिकाम्या पटांगणात त्यानं मला ती शिकवली, आणि सगळ्यात आधी पुढचा ब्रेक शिकवला. गाडी थांबायला लागली की सगळं वजन पुढं येतं, म्हणून थांबवायचं खरं काम पुढचं चाक करतं, मागचा ब्रेक नुसता मदतीला, असं तो म्हणायचा. एकदम आवळायचा नाही, हळूहळू दाब वाढवत न्यायचा. दोन बोटं पुरतात. बाजार उठल्यावर राहिलेल्या सरकीच्या कचऱ्यातून मी गाडी पळवायची आणि दोन बोटांनी थांबवायची. त्या दिवसांत मला स्वतःचा फार अभिमान वाटायचा.

जळकोटात मात्र उलटं शास्त्र. तिथं ज्याला त्याला ठाऊक होतं की पुढचा ब्रेक दाबला की माणूस डोक्यावर पडतो. बाई गिअरची गाडी चालवते हेच लोकांना पचत नव्हतं, त्यात ती पुढचा ब्रेक दाबते म्हणजे काय! पेट्रोल पंपावर अनोळखी माणसं मला सांगायची, "मॅडम, पुढचा नका दाबत जाऊ." माझा नवरा प्रभाकरही सांगायचा. मी भावाचं म्हणणं समजावून सांगायची, तो ऐकून घेतल्यासारखं करायचा. त्याचं तहसीलसमोर झेरॉक्सचं दुकान होतं आणि त्या उन्हाळ्यात तो जिल्हा कृती समितीत फार गुंतला होता. दुकानात कागदांपेक्षा बॅनर जास्त दिसायचे. माणूस वाईट नव्हता. सकाळी आंघोळीला माझ्यासाठी अर्धी बादली राखून ठेवणारा माणूस. म्हणूनच मला आजही संताप येतो. वाईट माणसावर रागावणं सोपं असतं.

त्या उन्हाळ्यातली गावं आठवतात. दारात खाटा, खाटांखाली प्लास्टिकचे ड्रम, ड्रमला कुलूप. हो, पाण्याला कुलूप. पोरांना जुलाब लागलेले. मी क्षारांची पाकिटं वाटत फिरायची. एका आईनं पाकीट उलटंसुलटं करून बघितलं आणि विचारलं, "सिस्टर, घोळू कशात?" मी तिला माझी बाटली दिली. पुढच्या घरी द्यायला बाटली नव्हती. दुपारी परत येताना समितीची जीप भेटायची, वर भोंगा, भोंग्यातून जिल्हा.

माझ्याबरोबर शांताबाई असायची. ती त्याच गावांतली आशाताई. कुणाला कितवा महिना, कुणाचं पोर लसीला लपवून ठेवलंय, सगळं तिला पाठ. वयानं माझ्याहून मोठी, अंगानं काटकुळी. डबा मांडीवर घेऊन माझ्या मागे बसायची आणि उतार आला की माझ्या पाठीला चिकटायची. ती पहिल्यांदा मागे बसली तेव्हा उतरल्यावर हसत म्हणाली होती, "लई बरं वाटलं व सिस्टर. आयुष्यभर चालूनच मेले मी."

एका सभेला प्रभाकर मला घेऊन गेला. मंडपात ऊन गाळून पडत होतं, बायकांना पुढं बसवलं होतं. तो चांगला बोलतो. त्या दिवशी म्हणाला, "लातूरला बसून आमचे निर्णय घेतले जातात. आम्हाला न विचारता आमचं भलं ठरवायचा अधिकार ह्यांना कुणी दिला?" टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, मनापासून.

त्याच आठवड्यात गाडी सर्व्हिसिंगला गेली. बसवराज मिस्त्री प्रभाकरच्या बैठकीतला. संध्याकाळी प्रभाकरच गाडी घेऊन आला. दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना पुढची लिव्हर दगडासारखी कडक लागली, आणि दाबली तरी चाक पकडेना. मी वाटेत गॅरेजवर थांबले. बसवराज माझ्याकडे न बघता म्हणाला की नवे पॅड टाकलेत, थोडे घासू द्या, मग पकडतील. नवे पॅड बसायला वेळ लागतो हे मला भावाकडून ठाऊक होतं, म्हणून पटलं. तरी मी त्या दिवशी मागच्या ब्रेकवर, हळू हळू चालवत राहिले.

दुपारी शेवटचं गाव करून आम्ही परत येत होतो. माळावरून खाली उतरणारा रस्ता, एका बाजूला बाभळी. पुढे टँकर होता. त्यातून गळणाऱ्या पाण्याची काळी रेघ रस्त्यावर पडत होती आणि आमच्यापर्यंत येईतो अर्धी वाळत होती. वळणावर एकाएकी बाया आडव्या आल्या. घागरी, कळश्या, हंडे. गावात टँकर पोचायच्या आत त्यांनी तो रस्त्यातच अडवला होता, आणि चूक त्यांची नव्हती. टँकर थांबला. मी मागचा ब्रेक दाबला, पुढचा दाबला. पुढची लिव्हर हलली नाही. मी चारही बोटांनी आवळली, तळहातावर वळ उठेपर्यंत आवळली. पुढचं चाक तसंच मोकळं फिरत राहिलं. मागचं चाक त्या ओल्या रेघेवर अडकून घसरलं, आणि गाडी आडवी झाली.

मला खरचटलं. शांताबाईचा उजवा हात गाडीखाली आला होता. कोपरातून मोडला होता. मी नर्स, हात बघताच मला कळलं की हा पूर्वीसारखा होणार नाही. ती ओरडली नाही. डबा कुठाय, एवढंच विचारत होती. बाया गोळा झाल्या, आणि त्यांतल्या एकीनं आताच भरलेल्या घागरीतलं पाणी ओंजळीनं तिच्या तोंडावर मारलं, मग माझ्या गुडघ्यावर ओतलं. त्या पाण्यासाठी ती सकाळपासून उभी असणार.

संध्याकाळपर्यंत गावात निकाल लागला होता. बाईच्या हातात गाडी दिल्यावर दुसरं काय होणार. दवाखान्यात एकानं तर मला विचारलं, पुढचा ब्रेक दाबला असेल ना? मी म्हटलं, हो, दाबला. मग तो समजूतदारपणे मान हलवत राहिला. प्रभाकरनं माझ्या जखमेला पट्टी बांधली. शेवटी एवढंच म्हणाला की आता गाडी बंद कर.

दुसऱ्या दिवशी गाडी लिंबाखाली उभी होती. पडताना पुढच्या दिव्याचं कव्हर फुटलं होतं. मी फुटका तुकडा काढायला गेले आणि आतली ब्रेकची काळी रबरी नळी दिसली. ती मधोमध दुमडलेली होती आणि दुमडीवर तारेचे घट्ट वेढे दिले होते. हँडलवरच्या डबीतलं ऑइल खाली चाकापर्यंत जाणारच नाही असा बंदोबस्त. सलाईन थांबवायची असली की आम्ही नळी दुमडून धरतो, अगदी तसं. तारेची टोकं नीट आत वळवली होती, कुणाला टोचू नयेत म्हणून.

मी तार सोडवून मुठीत घेतली आणि तशीच गॅरेजवर गेले. बसवराजनं आधी टाळाटाळ केली, मग म्हणाला की प्रभाकरभाऊंनीच सांगितलं. बाईमाणूस आहे, घाबरून पुढचा दाबतील आणि डोक्यावर पडतील, तेव्हा तो बंदच करून टाक, असं सांगितलं. वर म्हणाला, "आम्हाला काय वहिनी, मालक सांगतील तसं."

गाडी माझ्या भावानं मला दिलेली. मालक कोण ते गॅरेजमध्ये ठरलं होतं.

प्रभाकर दुकानात होता. सभेच्या बॅनरची घडी घालत होता. मी ती तार त्याच्यासमोर ठेवली. त्यानं तारेकडे पाहिलं, दुकानातल्या गिऱ्हाइकाला नंतर या म्हणून सांगितलं आणि शटर अर्धं ओढलं.

"तुझ्या काळजीपोटी केलं, सुनंदा."

"मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तू ऐकलं असतंस?"

"नसतं ऐकलं."

"मग?"

त्याला खरोखर वाटत होतं की हे उत्तर झालं. मी त्याच्या हातातल्या बॅनरकडे बघत राहिले. सभेतलं त्याचं वाक्य त्याला ऐकवलं, शब्द न शब्द. तो म्हणाला, ते राजकारण आहे, हे घर आहे, दोन्हीची गल्लत करू नकोस. आणि मग आवाज खाली आणून म्हणाला की शांताबाईला यातलं काही सांगायची गरज नाही, उगाच बोभाटा होईल.

तोवर मला नुसता राग होता. ते वाक्य ऐकून मी तार उचलली आणि परत मुठीत घेतली. मी त्याला सांगितलं की शांताबाईला कळणार, आणि ते तुमच्या तोंडून कळणार, तोवर मी तुमच्याशी बोलणार नाही. आणि बोलले नाही. एका छपराखाली, एका ड्रमातलं पाणी मापून वापरत, आम्ही मुक्यानं राहिलो. सकाळी तो पूजेला बसायचा, तळहातावरच्या इष्टलिंगाकडे टक लावून बघत राहायचा. माझ्यासाठी अर्धी बादली तरी रोज ठेवलेली असायची. मी त्या पाण्याला हात लावला नाही. उपकेंद्रात ओल्या फडक्यानं अंग पुसून घ्यायची.

शेवटी एका दुपारी मी शांताबाईकडे असताना तो आला. शांताबाईच्या वस्तीत जयंतीची तयारी चालली होती, गल्लीभर निळ्या पताका, शिडीवर चढलेले तरुण. तो त्या वस्तीत त्याआधी कधी गेलेला नव्हता. सफरचंदांची पिशवी घेऊन दारात अवघडून उभा राहिला. शांताबाईच्या नवऱ्यानं, मारोतीनं, खुर्ची दिली. शांताबाई भिंतीला टेकून बसली होती, प्लास्टरमधला हात उशीवर ठेवून.

प्रभाकर म्हणाला, "त्या दिवशी ब्रेक लागला नाही, त्यामुळं झालं सगळं."

मी म्हटलं, "लागला नाही असं नाही. लागू दिला नाही. नीट सांगा."

मग त्यानं सांगितलं. मान खाली घालून, पण सगळं सांगितलं. दुमड, तार, बसवराज. मारोती उठून उभा राहिला. मला वाटलं, आता हा अंगावर धावून जाणार. शांताबाईनं डाव्या हातानं त्याला बसवलं. बाहेर कुणीतरी भोंगा तपासत होता.

"सिस्टरला सांगायचं नव्हतं तर नव्हतं," ती म्हणाली. "मला तर सांगायचं. मी मागं बसत व्हते ना, भाऊ. मी चालत गेले असते."

तारेचा शोध लागल्यापासून मी माझ्याच अपमानाचा हिशेब मांडत बसले होते. तिला कुणी विचारायला हवं होतं हे माझ्याही मनात आलं नव्हतं. ती मात्र तेवढंच बोलून मारोतीला म्हणाली, पाव्हण्यांना पाणी दे. आणि त्या घरानं त्या उन्हाळ्यात त्याला पेलाभर पाणी दिलं. त्यानं ते पिऊन टाकलं. मला ते बघवलं नाही.

भावानं फोनवर सांगितलं की दुमडलेली नळी सरळ करून वापरायची नाही, आतून चिरते, नवीनच टाकायची. तो हदगावहून यायला निघाला होता, मी नको म्हटलं. मी बसनं नांदेडला गेले. स्पेअर पार्टच्या दुकानात जुनी नळी काउंटरवर ठेवली. दुकानदारानं तार गुंडाळल्याच्या खुणा पाहिल्या आणि मिस्त्री कोण आहे, असं विचारलं. मी म्हटलं, मीच. मग त्यानं माझ्यासमोर तीन नळ्या टाकल्या. एक स्वस्तातली नकली, जिचा रबर नखानं दाबला तर खूण राहत होती. एक कंपनीची, जुनीसारखीच. तिसरी पोलादी तारांच्या विणीची, आत बारीक नळी आणि वर चमकणारी जाळी. तो प्रामाणिकपणे म्हणाला की तुमच्या गाडीला कंपनीची पुरते, ही विणीची तापली तरी फुगत नाही म्हणून शर्यतीवाली पोरं नेतात.

मी लांबी मापली. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवलं तरी नळी ताणली जाऊ नये आणि चाकाला घासूही नये, एवढी हवी. दोन्ही नळ्या बरोबर होत्या. मी कंपनीची हातात घेऊन दुमडली. सहज दुमडली. विणीची घेतली आणि दोन्ही हातांनी जोर लावला. ती वाकली, पण दुमडली नाही. हातात उलटून सरळ झाली.

"हीच द्या," मी म्हटलं.

बरोबर तांब्याचे नवे वायसर घेतले आणि ब्रेक ऑइलचा सीलबंद डबा. भावानं बजावलं होतं की उघडा डबा घ्यायचा नाही, ते ऑइल हवेतली ओल शोषून घेतं आणि मग ऐन वेळी दगा देतं. परत येताना बसच्या खिडकीतून मैलोगणती काळी भेगाळलेली रानं दिसत होती, आणि मांडीवर तो डबा. ह्या हवेत ह्याला ओल सापडते, आणि आम्हाला सापडत नाही. मला तेव्हा हसूही रागाचंच आलं.

नळी बसवली. दोन बोल्ट, चार वायसर. अवघड काम पुढं असतं, नळीतली हवा काढायचं. हवा राहिली तर लिव्हर स्पंजासारखी दबते आणि ब्रेक लागत नाही. त्याला दोन माणसं लागतात, एक लिव्हर दाबायला, एक खाली चाकाजवळचं हवा सोडायचं निप्पल उघडायला. प्रभाकर येऊन उभा राहिला, मी धरू का, म्हणाला. मी म्हटलं, तुम्ही राहू द्या. तेवढ्यात शांताबाई आली, गळ्यात हात अडकवलेली, उन्हात चालत. नवीन पाईप आणलाय असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. काय करायचं ते सांगा, म्हणाली, एक हात हाय की अजून.

मी सलाईनच्या नव्या नळीचा तुकडा निप्पलला लावला, दुसरं टोक बाटलीत सोडलं. ती डाव्या हातानं लिव्हर दाबायची. मी "धरा" म्हटलं की धरून ठेवायची. मी पान्यानं निप्पल पाव फेरा उघडायची, सलाईनच्या नळीतून ऑइल आणि बुडबुडे यायचे, मी निप्पल बंद करायची आणि मगच "सोडा" म्हणायची. आधी सोडलं तर हवा परत आत. सलाईन लावताना बुडबुडा दिसला की काळजात धस्स होतं, त्यामुळं माझी नजर पक्की होती. वरच्या डबीत ऑइल भरत राहायचं, ती रिकामी होऊ द्यायची नाही. मोठे बुडबुडे गेले, बारीक आले, मग फेसासारखे, मग नुसतं स्वच्छ पिवळसर ऑइल. शांताबाईनं एकदाही माझ्या शब्दाआधी लिव्हर सोडली नाही. टाकीवर थेंब सांडले. ते रंग खातात, लगेच धुवावे लागतात. ती आत गेली, उपकेंद्राच्या माठातून पेलाभर पाणी आणलं, जपून ओतलं, आणि ओघळ वाया जाऊ नये म्हणून खाली फडकं धरलं.

तिचा हात नंतर जुळला, पण कोपर पूर्ण सरळ होत नाही. भाकरी थापते, घागर डाव्या खांद्यावर घेते. अजूनही माझ्या मागे बसते, मात्र बसायच्या आधी लिव्हर स्वतः दाबून बघते, मी गाडीवर असले तरी. मला त्याचा राग येत नाही. प्रभाकर आणि मी एकत्र आहोत, बोलतो, हसतो, मुलांची लग्नं काढतो आहोत. त्यानं एकदा विचारलं होतं की मनातून गेलं का तुझ्या. मी म्हटलं, नाही. त्यानं पुन्हा विचारलं नाही, आणि ते बरं केलं. जिल्हा अजून झालेला नाही. झाला तर मी टाळ्या वाजवीन की नाही, माहीत नाही.

त्या दिवशी हवा काढून झाल्यावर मी एकटीच गाडी घेऊन त्या उतारावर गेले. वर जाऊन वळले आणि सोडून दिली. बाभळी मागे पळाल्या. वळण जवळ आलं तेव्हा मी पुढच्या लिव्हरवर दोन बोटं ठेवली आणि हळूहळू दाब वाढवत नेला. गाडीनं पुढं मान घातली, चाक रस्त्याला बिलगलं, आणि ती उभी राहिली. वळणाच्या कितीतरी अलीकडे. बाया उभ्या होत्या त्या जागेच्याही अलीकडे.

मला वाटलं होतं, बरं वाटेल. पण माझ्या छातीत असा काही जाळ उठला की मला हेल्मेट काढून फेकावंसं वाटलं. एवढंच होतं ते. दोन बोटांचं काम. मी गाडी वळवली, पुन्हा वर गेले, पुन्हा उतरले, पुन्हा थांबवली. पुन्हा वर. प्रत्येक वेळी ती थांबत होती आणि प्रत्येक वेळी मला जास्त रडू येत होतं.

टँकरची वाट बघत एक म्हातारी बाई कडेला घागर पालथी घालून बसली होती. मी कितव्यांदा तरी तिच्यासमोर थांबले तेव्हा तिनं काळजीनं विचारलं, "काय व पोरी, गाडी बिघडली का?"

"न्हाई आज्जी," मी म्हटलं. "गाडी कधीच बिघडली नव्हती."